अंधुक अतिनवतारा-अवशेषांचा क्ष-किरण आणि रेडिओ अभ्यास कसा करावा

अतिनवताऱ्याच्या (सुपरनोव्हाच्या) स्फोटाला हजारो वर्षे लोटली की त्याचे कवच आकाशात इतके पसरते, की ते डोळ्यांसमोर असूनही निसटते. २०२१ साली ईरोसिटा या अंतराळातील क्ष-किरण दुर्बिणीला सापडलेल्या 'होइंगा' या अवशेषाचा व्यास सुमारे ४.४ अंश, म्हणजे जवळपास नऊ पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढा आहे. जुन्या रेडिओ नकाशांतही तो होता, पण आकाशगंगेच्या प्रतलापासून इतक्या दूर तिकडे कोणी पाहिले नव्हते.

क्ष-किरणांपासून सुरुवात करावी. ईरोसिटाची अर्ध्या आकाशाची पहिली विदा जानेवारी २०२४ पासून खुली आहे आणि होइंगा त्याच अर्ध्यात येतो, त्यामुळे सरावाला तोच घ्यावा. प्रतिमेतले बिंदुस्रोत आधी झाकावेत, मग निरीक्षणकाळाने भागावे आणि शेवटी प्रतिमा मृदू करावी. हा क्रम उलटला, तर एखादा तेजस्वी तारा पसरून कवचाचा तुकडा भासतो. वर्णपट काढताना पार्श्वभूमी नुसती वजा न करता तिचे प्रारूप अवशेषाच्या प्रारूपासोबतच जुळवावे, कारण ऑक्सिजनची ०.५७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा अवशेषातून येते तशीच सूर्याभोवतालच्या तप्त वायूतूनही येते.

रेडिओत खरी मेख आहे. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे तीस अँटेना बारीक तपशील सुरेख टिपतात, मात्र ३२५ मेगाहर्ट्झला साधारण ३२ कलांहून (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि ६१० मेगाहर्ट्झला १७ कलांहून मोठी रचना त्यांच्या हाती पुरती लागत नाही. हरवलेले तेज नकाशात कोठेच दिसत नाही, म्हणून मला ते गोंगाटापेक्षा अधिक घातक वाटते. समजा, आयनित हायड्रोजनचा एक साधा मेघ ३२५ मेगाहर्ट्झला १० जान्स्की (रेडिओ तेजाचे एकक) आणि ६१० ला ९.४ जान्स्की तेज देतो, म्हणजे त्याचा वर्णपटीय निर्देशांक (वारंवारतेबरोबर तेज किती झपाट्याने बदलते हे सांगणारा आकडा) −०.१ आहे. ६१० वरचे चौथा हिस्सा तेज निसटले, तर ७ जान्स्की उरतात आणि निर्देशांक −०.५६ निघतो, जो कवचरूपी अवशेषाला अगदी शोभणारा आहे! म्हणून दोन्ही नकाशे तरंगलांबीत मोजलेल्या समान अंतरांच्या अँटेना-जोड्यांपासून आणि एकाच विभेदनक्षमतेवर तयार करावेत. होइंगाएवढ्या अवशेषासाठी तर एकाच मोठ्या तबकडीच्या दुर्बिणीची निरीक्षणे जोडल्यावाचून गत्यंतर नाही.

त्यानंतर दोन वारंवारतांवरील तेज-तापमाने (तापमानाच्या एककात मांडलेले तेज) एकमेकांसमोर आलेखात मांडून रेषेच्या उतारावरून निर्देशांक काढावा, म्हणजे नकाशाच्या शून्यपातळीतील चूक उतारात शिरत नाही. तरीही शंका राहिल्यास त्याच जागेचा अवरक्त नकाशा उघडावा: रेडिओ कवचाबरोबर तिथे तापलेल्या धुळीचे ठळक तेज हुबेहूब त्याच आकारात दिसले, तर तो बहुधा आयनित हायड्रोजनचा मेघ समजावा.