ईस्टरचे चार दिवस: सिडनीवाल्यांनी कुठे जायचं, काय करायचं

गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे, दरवर्षी हमखास मिळणारी चार दिवसांची सलग सुट्टी ही एवढीच, आणि नेमकं तेव्हाच अख्खं सिडनी गाडीत सामान कोंबून बाहेर पडतं. तारीख दरवर्षी हलते. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार असा हिशोब असतो, म्हणजे घरातल्या कॅलेंडरवर होळी किंवा हनुमान जयंती बघायची आणि पुढचा रविवार धरायचा, बहुतेक वेळा जुळतं. 2026 ला हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला, 2027 ला मात्र ईस्टर थेट 28 मार्चला. त्यामुळे "एप्रिलमध्ये बघू" म्हणून निवांत बसू नका.

माझं मत आधीच सांगून टाकते, चार दिवस मिळाले म्हणून लांब जायचा मोह टाळा. बायरन बे इथून साधारण 770 किलोमीटर आहे, जायला एक दिवस, यायला एक दिवस, वर ट्रॅफिक, मग हातात उरलं काय? घरापासून अडीच-तीन तासांच्या आत एकच ठिकाण पकडायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. बुकिंग मात्र जानेवारीतच करा, कारण शाळांच्या सुट्ट्याही बहुतेक याच सुमाराला लागतात आणि बरेच जण तीन रात्रींपेक्षा कमी बुकिंग घेतच नाहीत. उशीर झाला असेल तर समुद्रकिनारा सोडून द्या आणि गोलबर्न, बॅथर्स्ट असं आतल्या बाजूला शोधा, नाहीतर घरीच राहून दोन दिवस जवळपास फिरा, त्यात काही कमीपणा नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी डोळे झाकून दक्षिणेचा रस्ता सांगते. हेलन्सबर्गला वेंकटेश्वराचं देऊळ लागतं, तिथे दर्शन घ्या (शनिवार-रविवारी कँटीनमध्ये डोसा मिळतो, घरातल्या ज्येष्ठांची तिथेच अर्धी ट्रिप वसूल होते), मग हायवे न घेता खाली समुद्राच्या कडेने सी क्लिफ ब्रिजवरून निघा. पूल 665 मीटरचा आहे, डोंगराच्या बाजूने दरडी कोसळायच्या म्हणून रस्ताच उचलून समुद्रावर नेलाय. पुलावर गाडी थांबवता येत नाही, आधी पार्क करून चालत जायचं. पुढे कायामाचा ब्लोहोल, म्हणजे खडकातल्या भोकातून लाटेचं पाणी उसळतं ती जागा, समुद्र शांत असला तर नुसतं खडकातलं भोक बघून याल हे लक्षात असू द्या. मग बेरी, आणि शेवटी जर्विस बे.

जर्विस बेला सगळ्यांना हायम्स बीचच हवा असतो, तिथली पांढरी वाळू फेमस झालीये ना. पण गाव इवलंसं, पार्किंग मोजकं, लाँग वीकेंडला सकाळीच भरून जातं आणि मग गाड्यांची रांग नुसती सरकत बसते. त्यापेक्षा व्हिन्सेन्शियाजवळच्या ग्रीनफील्ड बीचला गाडी लावा, तिथेही वाळू तशीच पांढरी आहे, शिवाय तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत हायम्सपर्यंत जाता येतं. बुडेरी नॅशनल पार्कमध्ये जाणार असाल तर तो केंद्र सरकारचा पार्क आहे, न्यू साउथ वेल्सचा वार्षिक पास तिथे चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

आता ड्रायव्हिंग. गुरुवारी दुपारनंतर बाहेर पडायच्या भानगडीत पडू नका, शुक्रवारी भल्या पहाटे निघा. ईस्टरला न्यू साउथ वेल्समध्ये डबल डिमेरिट असतं, म्हणजे लायसन्सवरचे पॉइंट दुप्पट कापले जातात. फोन हातात दिसला की एरवी 5 पॉइंट जातात, तेव्हा 10 जातात, आणि फुल लायसन्सवर असतात एकूण 13, म्हणजे एका व्हॉट्सअ‍ॅपपायी लायसन्स जवळजवळ गेलंच. भारतातून आलेले आईबाबा मागच्या सीटवर "मागे कुठे लागतो बेल्ट" म्हणतात, त्यांना गोड बोलून लावायला लावा, कारण पॉइंट ड्रायव्हरचे जातात. पेट्रोल भरायच्या आधी फ्युएलचेक अ‍ॅपवर भाव बघा, दोन पंपांमध्ये चांगलाच फरक सापडतो.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, 2026 ला तो रविवार म्हणजे ईस्टर संडेच. सकाळी एक तास जास्त झोप मिळते पण संध्याकाळी पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, आणि कांगारू नेमके तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. तेव्हा रविवारी अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा.

खाण्यापिण्याचं गुरुवारी संध्याकाळपर्यंत उरकून घ्या. शुक्रवारी मोठी सुपरमार्केट बंद, रविवारीही बरीचशी बंद, आणि जे कॅफे उघडे असतात ते बिलावर पब्लिक हॉलिडेचा सरचार्ज लावतात. दूध, ब्रेड, दही, पोरांची औषधं आधीच भरा. प्रवासाला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, आपलं नेहमीचं. गुड फ्रायडेला इथे बरेच जण मटण-चिकन टाळून मासे खातात, त्यामुळे फिश मार्केटला तोबा गर्दी उसळते, जायचंच तर उजाडायच्या आत जा. स्पॅनिश मॅकरेल दिसला तर सोडू नका, आपली सुरमईच ती, तुकड्या करून घ्या आणि एस्कीत (थंड ठेवायच्या पेटीत) बर्फावर ठेवून सोबत न्या.

कारण पार्कातले फुकटचे इलेक्ट्रिक बार्बेक्यू म्हणजे नुसता मोठा तवा असतो. बटण दाबायचं, तापायला बराच वेळ घेतो, मधेच बंद पडला की परत दाबायचं. आधी कुणीतरी सॉसेज भाजलेले असतात, म्हणून शाकाहारी लोकांनी घरून जाड फॉइल न्यावं आणि ते अंथरून वर तेल सोडावं. त्यावर वांग्याचे काप काय सुंदर होतात! बोटभर जाडीच्या चकत्या, मीठ-हळद-तिखट-आमचूर लावून अर्धा तास ठेवायच्या, मग रव्यात घोळवायच्या आणि अजिबात घाई न करता दोन्ही बाजू खरपूस करायच्या. भरताच्या नादाला लागू नका, तिथे आच नसते त्यामुळे तो धुरकट वास येतच नाही. आणि हो, काम झाल्यावर तवा पुसून ठेवा, मागे लोक थांबलेले असतात.

पाणी तेव्हा अजून बऱ्यापैकी कोमट असतं त्यामुळे सगळे समुद्रात उतरतात, आणि इथे मात्र मी कडक आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, झेंडे नसतील तर फक्त पाय भिजवायचे. लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तो सेफ वाटतो पण तोच रिप असतो, आत ओढून नेतो. अडकलात तर उलटं पोहून दमू नका, तरंगत राहा, हात वर करा.

घरीच थांबणार असाल तर मुलांसाठी एग हंट (लपवलेली चॉकलेटची अंडी शोधायचा खेळ) ठेवा, बागेत सकाळी लवकर लपवा नाहीतर ऊन लागून चॉकलेट वितळतं, आणि कुत्र्याला लांब ठेवा, चॉकलेट आणि हॉट क्रॉस बनमधले (ईस्टरच्या गोड पावातले) मनुके दोन्ही त्याला विष आहेत. दुकानात सशाऐवजी चॉकलेटची बिल्बी (लांब कानांचा इथलाच छोटा प्राणी) मिळाली तर ती घ्या, इथे ससे म्हणजे शेतीची डोकेदुखी आणि बिल्बी बिचारी नामशेष होत चाललीये. चॉकलेट नको असेल तर अंडी रंगवा. कांद्याची सालं पाण्यात उकळून त्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की लालसर तपकिरी, हळदीने पिवळी. दिवसभर बाहेर ठेवू नका, बघून झाली की फ्रिजमध्ये, संध्याकाळी अंडा करी.

ओळखीत कुणी वसईकर किंवा गोवेकर ख्रिश्चन कुटुंब असेल तर शनिवारी रात्रीच्या ईस्टर व्हिजिलला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, त्यांच्यासोबत जाऊन या, अंधारात आधी एक मोठी मेणबत्ती पेटते आणि मग तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या. मागे बसा, कम्युनियन (प्रसादाची भाकर) घ्यायला उठू नका, बाकी कुणी काही म्हणत नाही. फक्त शुक्रवारी कुणाला "हॅपी गुड फ्रायडे" म्हणू नका, तो दुःखाचा दिवस आहे.

रॉयल ईस्टर शो, म्हणजे सिडनीतली शेती-जनावरांची मोठी जत्रा? एकदा बघायलाच हवा, पोरांना गाई-मेंढ्या दाखवायला आणि लाकूडतोड्यांची शर्यत बघायला मजा येते. पण तो बारा दिवस चालतो, मग लाँग वीकेंडच्या गर्दीत कशाला मरायचं, मधल्या वारी जा. गाडी घेऊन तर अजिबात नको, ऑलिम्पिक पार्कला ट्रेन जाते. शोबॅगचं (खाऊ-खेळण्यांनी भरलेल्या पिशव्यांचं) बजेट घरूनच ठरवून निघा, तिथे पोरं ऐकत नाहीत.

परतताना सोमवारी एकतर सकाळी लवकर निघा नाहीतर जेवूनखाऊन रात्री, दुपारी नको. हायवेवर ड्रायव्हर रिव्हायव्हरचे बोर्ड दिसतात, तिथे स्वयंसेवक फुकट चहा-बिस्किटं देतात, लाजू नका, थांबा आणि पाय मोकळे करा. शक्य असेल तर मंगळवारची रजा टाका, रस्ताही मोकळा मिळतो आणि सुपरमार्केटात उरलेली ईस्टर चॉकलेटं अर्ध्या किमतीला लागतात.