स्विस आल्प्स: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही

स्वित्झर्लंड महाग आहे हे सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत बसत नाही. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय, त्यामुळे पहिले दोन दिवस पाण्याची बाटली उचलतानासुद्धा डोक्यात गुणाकार चालू असतो. आम्ही दोनदा जाऊन आलो, एकदा दोघंच आणि एकदा लेक आणि सासूबाईंना घेऊन, आणि माझं मत असं झालंय की तिथे बजेट आणि सेफ्टी हे दोन वेगळे विषय नाहीतच. आम्ही डोंगरात जे काही येडेपणे केले ते सगळे "पैसे भरलेत ना, मग वसूल करायचे" याच्यातून केलेत.

उदाहरण देते. पहिल्या वेळी युंगफ्राउयोखचं (बर्फातल्या उंच खिंडीतलं रेल्वे स्टेशन, पुढे नुसतं योख म्हणते) तारखेसकट तिकीट आम्ही पुण्यात बसूनच काढलं. माणशी दोनशे फ्रँकच्या वर. त्या दिवशी सकाळी खिडकीतून समोरचा डोंगरच दिसेना, पण चारशे फ्रँक गेलेत म्हणून गेलो. वर पांढरं. म्हणजे बर्फ नाही हो, ढग. वर नवरोबा उत्साहात जिने पळत चढले आणि दहा मिनिटांत डोकं धरून बसले, कारण खालचं इंटरलाकेन गाव साधारण ५७० मीटरवर आणि योख ३४५४ मीटरवर, दोनेक तासांत एवढं वर गेल्यावर शरीर कुरकुर करणारच. आणि दुसऱ्या दिवशी खाली दरीतून काय सुंदर स्वच्छ दिसत होतं सगळं, आम्ही आइसक्रीम खात बघितलं.

म्हणून पहिला नियम, डोंगराचं तिकीट घरून काढू नका. रोज हॉटेल बदलण्यापेक्षा एकाच ठिकाणी चार रात्री राहा, त्यातला जो दिवस चांगला निघेल तो वर जायचा. मेटिओस्विसचं (तिथलं सरकारी हवामान खातं) ॲप फोनमध्ये ठेवा आणि सकाळी उठल्या उठल्या शिखरावरचा वेबकॅम बघा, बहुतेक सगळ्या मोठ्या ठिकाणांचे लाइव्ह कॅमेरे फुकट बघता येतात. गर्दीच्या महिन्यांत योखच्या ट्रेनला सीट रिझर्वेशन लागू शकतं, ते आदल्या संध्याकाळी अंदाज बघून करा. ढग असले तर लाउटरब्रुनेनच्या दरीत फिरा, पावसात तिथले धबधबे उलट जास्त छान दिसतात, श्टाउबबाख तर जवळजवळ ३०० मीटरचा आहे आणि तो लांबून बघायला एक पैसा लागत नाही.

आता पासचं. लोक डोळे मिटून स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस ट्रेन, बस, बोट सगळं एकाच तिकिटावर) घेतात. रोज नवीन शहर, लांबचा प्रवास असेल तर तो बरोबर आहे, त्यात रिगीसारखा डोंगर पूर्ण फ्री पण आहे. पण युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर त्याला फक्त २५ टक्के सूट मिळते, आणि हाफ फेअर कार्डला निम्मी. हाफ फेअर महिनाभर चालतं, ट्रेन, बस, बोट आणि बहुतेक केबल कार सगळ्यावर अर्धं तिकीट. आमच्यासारखं एका जागी मुक्काम टाकून डोंगर बघायचे असतील तर मला हाफ फेअरच परवडलं. मुलांना फॅमिली कार्ड मागून घ्या, आई किंवा बाबाकडे पास असेल तर ६ ते १५ वर्षांची पोरं त्यांच्यासोबत फ्री जातात, आणि ६ च्या आतली तशीही फ्री. एसबीबीच्या (तिथली रेल्वे) ॲपवर तुमचा खरा प्लॅन टाकून दोन्हीची बेरीज करा, अर्धा तास लागतो, पण चौघांच्या घरात फरक चांगलाच दिसतो.

ग्लेशिअर एक्सप्रेस, बर्निना एक्सप्रेस वगैरेंच्या मोठ्या काचांच्या डब्यांना वेगळं रिझर्वेशन भरावं लागतं. त्याच रुळांवरून साध्या लोकल ट्रेन पण जातात, त्यांना रिझर्वेशन नाही, आणि काही गाड्यांची खिडकी उघडते, फोटोत काचेचं रिफ्लेक्शन येत नाही. मला तर तेच आवडलं.

खाण्याचं सोपं आहे, किचनवालं अपार्टमेंट घ्या, फक्त बुक करताना शेवटच्या सफाईचे पैसे वेगळे लावलेत का ते बघा, नाहीतर स्वस्त दिसणारं घर शेवटी हॉटेलच्या भावात पडतं. कूप आणि मिग्रो ही दोन सुपरमार्केट, मिग्रोचं एम-बजेट आणि कूपचं प्री गारांटी हे त्यांचे सगळ्यात स्वस्त ब्रँड. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी उरलेल्या मालावर सूट लावलेले स्टिकर मारतात, तेव्हा जा. रविवारी मात्र गावातली दुकानं बंद आणि शनिवारी पण लवकर बंद होतात, आम्हाला हे माहीत नव्हतं आणि एका रविवारी चौघांनी चिवडा आणि सफरचंदावर दिवस काढलाय. स्टेशनवरची दुकानं बरीचशी चालू असतात. घरून मेतकूट, भाजणी, पोहे न्या, पण तूप, पेढे, खवा, मांसाचं काही नको, भारतातून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. पाण्यावर पैसे घालवू नका, नळाचं पाणी पितात आणि गावातल्या हौदांचं पण, "काइन ट्रिंकवासर" (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तेवढं सोडून.

हॉटेलवाल्याकडे गेस्ट कार्ड मागा, इंटरलाकेनसारख्या ठिकाणी त्याच्यावर लोकल बस फ्री असते. आणि डेटा पॅक घेताना त्यात स्वित्झर्लंडचं नाव आहे का ते वाचा, तो युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे काही युरोप पॅक तिथे चालत नाहीत. डोंगरात फोन चालू असणं ही चैन नाही.

कधी जायचं? आपल्या शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये, म्हणून सगळे तेव्हाच जातात, आणि नेमकं तेव्हाच बऱ्याच केबल कार मेंटेनन्ससाठी बंद असतात आणि वरच्या पायवाटांवर बर्फ असतो. राहायचं स्वस्त मिळतं, खरंय, पण चालायला जायचं असेल तर जूनअखेर ते सप्टेंबर बघा. मेमध्येच जाणं भाग असेल तर हॉटेलच्या आधी कुठली लिफ्ट कधी उघडते ते बघा.

आता ज्यांनी सह्याद्री केलाय त्यांच्याशी बोलायचंय (आमच्याकडे आहेतच असे एक). कळसूबाई १६४६ मीटर, आणि झरमॅटचं नुसतं गावच साधारण तेवढ्या उंचीवर आहे. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केला म्हणून इथे फ्लोटर्सवर निघायचं नाही. पाट्यांचे रंग शिकून घ्या. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, आजी-आजोबा पण जातील. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, ग्रिपवाले बूट हवेत, उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे हात लावून चढणं, बर्फ, कधी दोर, तिकडे आपलं काही काम नाही. पाटीवर लिहिलेली वेळ ही न थांबता चालण्याची असते, आपण फोटो काढत, डबा खात जाणार, तर दीडपट धरा. सासूबाईंना मेनलिखेन ते क्लाइने शायडेग ही साडेचार किलोमीटरच्या आतबाहेरची वाट झेपली, समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही शिखरं, आणि बहुतेक उतारच आहे.

उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होतो, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारी खाली यायचं. वीज चमकायला लागली की कडा, शिखर, एकटं झाड, लोखंडी केबल यांच्यापासून लांब व्हा. बॅगेत पातळ रेनकोट आणि एक गरम थर ठेवाच, खाली टीशर्टवर घाम आला तरी वर शून्याच्या खाली असू शकतं. बर्फावर ऊन परावर्तित होतं, गॉगल आणि सनस्क्रीन पोरांना पण. योखवर बाहेर बर्फात जाताना खांब आणि दोऱ्यांच्या आतच राहा, सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली हिमनदीच्या भेगा असतात. वर हळू चाला, भरपूर पाणी प्या, डोकं दुखून उलटीसारखं वाटलं की पुढच्या ट्रेनने खाली, चर्चा नाही. हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. नदीकाठी पाणी अचानक वाढण्याची पाटी दिसली तर तिथे बसू नका, वर धरणं आहेत, पाणी सोडतात. आणि गाईबरोबर वासरू असेल तर लांबून जा, आपल्या गोठ्यातली गाय समजून कुरवाळायला जाऊ नका.

पैसे अजिबात वाचवायचे नाहीत ती जागा म्हणजे इन्शुरन्स. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, म्हणून सगळे सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेऊन मोकळे होतात. त्यात डोंगरातला रेस्क्यू आणि हेलिकॉप्टर आहे का, हायकिंग किती उंचीपर्यंत चालतं, पॅराग्लायडिंग वगळलंय का हे वाचा. आपल्याकडे रेस्क्यूची पोरं हातातलं काम टाकून फुकट धावत येतात, तिथे हेलिकॉप्टर उडालं की बिल हजारो फ्रँकमध्ये जाऊ शकतं. रेगा ही तिथली हवाई रेस्क्यू संस्था, नंबर १४१४, त्यांचं ॲप तुमचं लोकेशन थेट पाठवतं, ते निघायच्या आधी टाकून ठेवा. ॲम्ब्युलन्स १४४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. फोन नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला ६ वेळा खूण, मग एक मिनिट गप्प, मग परत. हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, वाय सारखे. नको असेल तर एक वर एक खाली. नुसता टाटा करू नका.

आणि शेवटची केबिन. रोज सकाळी वर चढतानाच खाली यायच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टेशनवर बघा आणि पाटीचा फोटो काढा, ती बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारालाच असते. आमची एकदा चार मिनिटांनी चुकली. मग खाली जायची वाट शोधत अंधारात उतरायचं की टॅक्सी पोचेल तिथपर्यंत चालायचं यावर रस्त्यात उभं राहून भांडलो, टॅक्सी केली, नव्वद फ्रँक. नवरोबा अजून म्हणतात चालत गेलो असतो तर वाचले असते. लेक तेव्हा अर्धी झोपलेली होती आणि एक टॉर्च पण नव्हता बॅगेत, आता असतो.