दिवाणखान्यात नक्षीदार कापड: आधी दिवाण, मग उश्या, पडदे शेवटी

नक्षीचं कापड आवडत असूनही घरात गर्दी दिसेल या धास्तीने बरेच जण शेवटी बिस्किटी सोफा आणि बिस्किटी पडदेच घेऊन येतात. खरं तर एकाच मापाच्या तीन-चार नक्ष्या शेजारीशेजारी आल्या की गर्दी होते. मापं वेगवेगळी ठेवलीत, तर अजरख (ठशांनी छापलेलं कापड), खण आणि पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड एकाच खोलीत सुखाने नांदतं.

सुरुवात सगळ्यात मोठ्या बैठकीपासून करा. समजा, दिवाणासाठी कच्छी अजरख घ्यायचं ठरवलंत: निळीचा गडद निळा, मंजिष्ठेचा विटकरी लाल आणि पांढऱ्या रेघांनी बांधलेल्या चांदण्या. असं कापड नुसतं हातात धरून कळत नाही. दुकानदाराला तागा दोन-तीन मीटर उलगडायला सांगा आणि आठ-दहा पावलं मागे या. जवळून ठसठशीत दिसणारी चांदणी लांबून पार विरघळून जाते, किंवा उलट अंगावर येते. घरी तुम्ही ते दारातूनच बघणार आहात, म्हणून निर्णयही तिथूनच घ्या.

मग उश्या. इथे नक्षी बारीक हवी. मला खणाइतकं साजरं काही वाटत नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा खण, बारीक बुट्टी आणि शेजारी ठळक काठ. पन्हा मात्र अरुंद असतो, त्यामुळे मोठ्या चादरीच्या वाटेला जाऊ नका. सोळा इंची उशीला तो छान पुरतो. काठ उशीच्या मधोमध न घेता एका कडेला घ्या. आणि खण बसायच्या जागी नको, सततच्या घासण्याने त्याची चमक जाते. दोन उश्या खणाच्या असतील तर उरलेल्या साध्या ठेवा, अजरखातलाच विटकरी रंग उचलून. रोज पोरं उड्या मारणारं घर असेल, तर दिवाणावर सोलापुरी चादर घाला. नक्षी दोन्ही बाजूंनी विणलेली असते, त्यामुळे उलटी करून वापरता येते.

शिंप्याकडे जाण्याआधी कापड धुवा. ही पायरी मी एकदा गाळली होती. दिवाणाचा अभ्रा कोराच शिवून घेतला आणि पहिल्याच धुण्यात तो लांबीला अडीच इंच आटला. चेन लागेना, शिवण उसवली, मेहनतीने छापलेलं कापड वाया गेलं. तेव्हापासून कापड रात्रभर गार पाण्यात भिजवते, पाणी रंगीत निघायचं थांबेपर्यंत वेगळंच धुते आणि सावलीत वाळवते.

पडद्यांना साधं कापड किंवा उभे पट्टे पुरेत. नक्षीचेच हवे असतील तर हिशेब नीट करा. खिडकी 48 इंच रुंद असेल, तर चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे साधारण 45 इंच पन्ह्याचे दोन पाट लागतील. उंची 60 इंच, खाली लोंबायला 6 आणि दुमड-पट्टीला 8, असे एका पाटाला 74 इंच. नक्षी दर 8 इंचांनी पुन्हा येत असेल, तर दुसऱ्या पाटाला 8 इंच जास्त धरा, नाहीतर दोन पाटांवरची फुलं खालीवर होतात. एकूण 156 इंच झाले. आटणं धरून सव्वाचार मीटर घ्या. आतून अस्तर लावाच, ऊन थेट लागलं की रंग विटतो.

दिवाणाचं कापड बेतताना शिंप्याजवळ बसा. ठळक चांदण्यांची ओळ बैठकीच्या बरोबर मध्यावर यायला हवी आणि समोरच्या झालरीवर तीच ओळ न तुटता उतरायला हवी. त्यासाठी अर्धा मीटर कापड जास्त जातं, जाऊ द्या. उरलेल्या तुकड्यात एखाद्या लोडाची खोळ निघते.

सगळं मांडून झालं की आठवडाभर नवीन काही आणू नका. संध्याकाळी दिवा लावून बघा. पिवळ्या उजेडात निळा काळपट दिसतो. खोली अंधारलेली वाटली तर एक खणाची उशी काढून तिथे पांढरी ठेवा.