एडवर्ड टिफिनवर दहा मिनिटं कसं बोलायचं

दादरच्या वाचनालयात बोलणार असाल तर जन्मतारखेपासून सुरू करू नका, लोक चुळबूळ करायला लागतात. थेट 1814 मध्ये घुसा, ब्रिटिश फौज वॉशिंग्टन जाळायला येतेय आणि अमेरिकेतल्या जमिनींच्या सरकारी ऑफिसचा प्रमुख टिफिन सगळं दप्तर वेळेत शहराबाहेर हलवतोय, आपल्याकडे सातबारा हरवला तर काय हाल होतात ते सांगितलं की मुद्दा लगेच पोचतो. मग मागे या, 1766, इंग्लंडमधलं कार्लाइल, डॉक्टरकी, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशक, मग ओहायोतलं चिलिकोथी गाव. पदं भराभर उरका, 1803 ला ओहायो राज्याचा पहिला गव्हर्नर, 1807 ला सिनेटर. पण चिलिकोथीला जायला व्हर्जिनिया सोडताना त्याने आपले गुलाम मुक्त केले, तिथे जरा थांबा, मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.