एका फुटाला अर्धा इंच

लग्नसराई ओसरली की माझ्या प्रेसमध्ये कटिंग मशीनखाली कात्रणांचा ढीग उरतो. चांगलं ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड असतं ते, पत्रिकांच्या कडेचं. रद्दीवाला किलोच्या भावानं नेतो आणि माझा जीव तुटतो. त्यातनंच मी आजवर व्हॉयेजरच्या, म्हणजे नासानं १९७७ साली अवकाशात धाडलेल्या यानाच्या, दोन कागदी प्रतिकृती केल्या. पहिलं यान जूनच्या सुरुवातीला, पावसाआधीच्या भट्टीत. दुसरं श्रावणात. पहिलं शेल्फच्या मागे तोंड लपवून बसलंय, दुसरं गल्ल्याच्या वर टांगलंय. खाली लिहिलंय ते दुसऱ्याचं.

प्रमाण १:२४ धरा. म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, कॅल्क्युलेटर काढायचं काम नाही. खऱ्या यानाची अँटेनाची थाळी १२ फुटांची, आपली ६ इंचांची. मॅग्नेटोमीटरचा (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा) दांडा १३ मीटर, आपला ५४ सेंमी. म्हणजे यान वाटीएवढं आणि हात मात्र दोन वीतभर.

कापण्याआधी कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बघा. प्रेसवाल्याला हे सांगावं लागत नाही, पण घरी करणारे इथेच फसतात. कार्डाचा चौकोनी तुकडा घ्या, एकदा उभा वाकवा, एकदा आडवा. ज्या वेळी सहज वाकेल, त्या वाकाच्या रेघेला समांतर ग्रेन. घडी ग्रेनच्या दिशेनं आली तर धारदार बसते, आडवी आली तर उन्हाळ्यात तडकते आणि पांढरे तंतू दिसतात. घडीची रेघ रिफिल संपलेल्या बॉलपेननं दाबून ओढा. दाबलेली खाच बाहेर ठेवायची, मागे उठलेला उंचवटा घडीच्या आत. बहुतेक जण उलटं करतात.

यानाचं धड दहा बाजूंचं आहे, १.७८ मीटर रुंद आणि ४७ सेंमी उंच. आपल्या मापात ७.४ सेंमी आणि २ सेंमी. एकेक बाजू २४.१ मिलिमीटर येते. तेव्हा २४.१ सेंमीची एकच पट्टी घ्या, शेवटी चिकटवायला ५ मिमी जास्तीची ठेवा आणि दहा घड्या मारा, दहावी त्या जास्तीच्या तुकड्याची. ग्रेन पट्टीच्या रुंदीला हवा. वरखाली दशकोनी झाकणं. खऱ्या यानाच्या धडावर थंडीपासून बचावासाठी काळं आवरण आहे, म्हणून वरून काळा कागद.

आता थाळी. माझी पहिली थाळी इथेच बिघडली. घरात पुरणपोळीचं खापर होतं, त्याच्या पाठीवर कागद दाबून गोलाई आणावी असं डोक्यात आलं. खापर केवढं, थाळी केवढी! सहा इंचांचा कागद त्यावर जवळपास सपाटच राहिला. ताटली झाली. बायको म्हणाली, "यावर मांडा तरी टाकून दाखवा."

दुसऱ्यांदा गणित केलं. पातळ, १७० जीएसएमच्या कागदाचं ८.२ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ कापा. त्याचे २० सारखे भाग पाडा. मध्यापासून ४ सेंमीपर्यंत कागदाला हात लावायचा नाही. तिथून काठापर्यंत प्रत्येक रेघेवर बारीक पाचर काढायची, आत शून्य आणि काठाला २ मिमी. प्रत्येक पाकळी चमच्याच्या पाठीनं घासून वळवा. मग कडा एकमेकींना भिडवल्या की काठ १५.२ सेंमीवर येतो आणि खोली पावणेतीन सेंमीच्या आसपास. असंच दुसरं वर्तुळ करून मागून चिकटवा, पण अर्धी पाकळी फिरवून. विटांच्या भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसं. आतून पांढरी, गुळगुळीत थाळी मिळते. छोट्या कढईच्या बाहेरच्या तळावर रात्रभर पालथी ठेवा. थाळीसमोरचा छोटा परावर्तक तीन काड्यांच्या तिपाईवर बसतो.

फेव्हिकॉल एका वेळी एकाच पाकळीला. जूनमध्ये दुपारी ब्रश फिरवून कागद उचलेपर्यंत वर साय धरलेली असते. मी तेव्हा कूलरसमोर बसलो, तर कागद ओल पिऊन लाटा मारायला लागला. पहाटे पाच ते आठ, कूलर बंद, हीच वेळ.

तीन अणुबॅटऱ्या एका बाजूच्या दांड्यावर ओळीनं लावायच्या, कॅमेरे समोरच्या बाजूच्या दांड्यावर. प्लुटोनियमचा किरणोत्सर्ग उपकरणांपासून लांब राहावा म्हणून ही समोरासमोरची मांडणी. कॅमेऱ्यांचा दांडा २.३ मीटरचा, आपला साडेनऊ सेंमी. बॅटऱ्या पेन्सिलीवर गुंडाळू नका, नळी बारीक होते. मी मार्कर पेनवर गुंडाळून पावणेदोन सेंमी जाडीच्या केल्या.

मॅग्नेटोमीटरचा दांडा म्हणजे त्रिकोणी जाळी. खरा दांडा उड्डाणाच्या वेळी डब्यात गुंडाळलेला होता, अवकाशात उलगडला. दीड मिमी रुंदीच्या तीन लांब पट्ट्या, दर २ सेंमीवर कागदी त्रिकोण, मध्ये तिरप्या काड्या. त्रिकोण २७ लागतात. तीन संध्याकाळी गेल्या त्यात. पट्ट्यांचा ग्रेन लांबीलाच हवा. तरीही श्रावणात दांडा मक्याच्या पानासारखा झुकला. तेव्हा काढून वाळवला आणि पारदर्शक नेलपेंटचे दोन हात दिले. आता सरळ आहे. १० मीटरचे दोन अँटेना आपल्याकडे ४२ सेंमीचे होतात. ते एकमेकांशी काटकोनात, इंग्रजी व्हीसारखे. त्यासाठी मी खराट्याच्या काड्या वापरल्या. कागदाचाच आग्रह असेल त्यानं कागद पिळत बसावं.

शेवटी धडावर सोनेरी तबकडी. पत्रिकेवरच्या गणपतीच्या फॉइलचं कात्रण, पंचानं पाडलेलं, १२ मिमीचं. खऱ्या तबकडीत, म्हणजे यानावरच्या ध्वनिमुद्रिकेत, ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात एक मराठी. शिवाय गायिका केसरबाई केरकरांची भैरवी. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. त्यामुळे तो गोल चिकटवताना मी हात जरा सावकाश चालवला.

टांगायला दोन दोरे धडाला, एक बारीक दोरा दांड्याच्या दोन-तृतीयांशावर. टोकाला बांधलात तर मध्ये पोक येतं. आणि पंख्याखाली नको. पत्रिका न्यायला आलेल्या एका आप्पांनी वर बघून विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" सांगितलं. ते म्हणाले, मग थाळीचं तोंड पृथ्वीकडे पाहिजे ना. खरं होतं. स्टूल आणलं आणि थाळी खाली वळवली.