बेळगावात रीब्रँडिंगचं काम हाती घेताना

उद्यमबागेतल्या एखाद्या सॉफ्टवेअर स्टार्टअपचा ब्रँड आणि वेबसाइट नव्यानं करायची जबाबदारी पहिल्यांदाच तुमच्यावर आली, तर रंगांचे नमुने उघडू नका. आधी कंपनीचं नाव कन्नड, मराठी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत कागदावर लिहा. कर्नाटकच्या २०२४च्या दुरुस्ती कायद्यानुसार पाटीवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये लागतो, तोही वरच्या भागात. ‘रोमन लोगो होऊ दे, कन्नड मागाहून बसवू’ म्हटलं की पाटी करणारा हाताशी असेल तो फॉन्ट लावतो आणि महिनाभर घासूनपुसून केलेला लोगो पाटीच्या तळाशी बारीक उरतो.

लिप्यंतर यंत्रावर सोडू नका. साधा ‘टेक’ हा शब्द घ्या. मराठीत शेवटच्या ‘क’मधला अ आपण उच्चारत नाही, म्हणून त्याचा पाय मोडत नाही. कन्नड वाचणारा पाय न मोडलेला ‘क’ पूर्ण म्हणतो, त्यामुळे तिथं हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण, लागतोच. शिवाय कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांची चिन्हं वेगळी आहेत. ‘टेक’ला ऱ्हस्व हवा. मराठीवरून अक्षराला अक्षर लावलं तर दोन्ही चुका एकदम होतात. कन्नड माध्यमात शिकलेल्या दोघांकडून नाव मोठ्यानं वाचून घ्या, मगच पुढे जा. नाव नवंच असेल तर ते आधीच कुणी नोंदवलं आहे का, याचा ट्रेडमार्क शोध निदान ९ आणि ४२ या सॉफ्टवेअरशी संबंधित वर्गांत आधी करा.

फॉन्टसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स’ घ्या. दोन्हींत तिन्ही लिप्या मिळतात आणि दोन्ही मोफत आहेत. रोमन मजकुराला ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या १.४ पट पुरते, देवनागरीच्या मात्रा आणि कन्नडची खाली लोंबणारी जोडाक्षरं यांना १.६ ते १.७ पट द्या. रोमनसाठी ठेवलेलं अक्षरांमधलं जादा अंतर देवनागरीला लागू झालं तर शिरोरेखा तुटते, ते शून्य करा. वेबसाइटच्या मराठी पानाला भाषेचा कोड ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) हाच हवा. तिथं ‘एचआय’ (hi, म्हणजे हिंदी) राहिलं तर नोटोतले ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, आणि आपल्याकडच्या वाचकाला ते लगेच खटकतं. जुनी माहितीपत्रकं श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’सारखे शब्द डोळ्यांनी तपासा, कारण त्यांतला ‘ऱ्य’ बदलताना बिघडू शकतो.

निर्णय एकाच भागीदाराच्या सहीनं होऊ द्या. चौघांची मतं जरूर घ्या, सही एकाची.

खरा घात वेबसाइट हलवताना होतो. जुन्या साइटवरच्या प्रत्येक पानाचा पत्ता एका शीटमध्ये उतरवा आणि समोर त्याचं नवं पान लिहा. मग जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या पानावर जाईल असं कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावा आणि निदान एक वर्ष ठेवा. सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवले तर गूगल ती पानं हरवलेलीच समजतं. चाचणीच्या साइटवरचा ‘नोइंडेक्स’ (गूगलनं हे पान शोधात दाखवू नये, अशी सूचना) खऱ्या साइटवर तसाच राहणं ही नेहमीची चूक. लाँचच्या यादीत ती पहिल्या ओळीत लिहा. नेमसर्व्हर (साइटच्या नावाच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलणार असाल तर एमएक्स नोंदी, म्हणजे ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदी, आधी नव्या ठिकाणी उतरवा, नाहीतर साइट दिसते आणि कंपनीचे ईमेल बंद पडतात. या नोंदींचा (डीएनएसचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र किती वेळ साठून राहते तो काळ, दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पोचतो. लाँच मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी करा, म्हणजे बिघाड निस्तरायला माणसं जागेवर असतात.

चाचणी ऑफिसच्या वायफायवर नको. स्वस्तातला फोन घेऊन जांबोटीकडच्या कमकुवत मोबाइल रेंजवर साइट उघडा. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसला पाहिजे. उशीर होत असेल तर तिन्ही लिप्यांचे फॉन्ट एकदम उतरत नाहीत ना, ते आधी पाहा. पानाला त्याच्याच लिपीचा फॉन्ट पुरतो. पहिले दोन आठवडे गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनातली ४०४ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची, यादी रोज सकाळी पाहा आणि सुटलेला प्रत्येक पत्ता शीटमध्ये घालून त्याच दिवशी वळवा.