पुस्तक मिटा आणि आठवा

पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि सगळं येतंय असा समज होतो. पण परीक्षेत ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

एक धडा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा. अडलं तरी लगेच डोकावू नका, कारण त्या धडपडीतच आठवण पक्की होते. मग लाल पेनाने राहिलेलं भरा. प्रकाशसंश्लेषणात हरितद्रव्य, पाणी, सूर्यप्रकाश लिहिलंत आणि कार्बन डायऑक्साइड लिहायचा राहिला, तर तो लाल शाईत दिसायला हवा. ही तपासणी टाळू नका, नाहीतर चुकीचंच उत्तर डोक्यात घट्ट बसतं.

पुढच्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, दर वेळी नव्या कागदावर. एकाच रात्री चार फेऱ्या उरकल्या तर सकाळपर्यंत भागतं, पुढे नाही. निम्म्याहून जास्त कागद लाल झाला, तर पुढची फेरी अलीकडे घ्या.